राजकन्याबाईंची बटणपट्टी

मी मूळची लातूरची, आणि लातूरच्या माणसाला वाचन म्हणजे परीक्षा. हातात पुस्तक दिसलं की आमच्याकडं पहिला प्रश्न, "कशाची तयारी चालू हाय?" नुसतंच वाचून राहिलेय म्हटलं तर समोरचा जरा काळजीनं बघतो. त्यामुळं लग्न करून मुखेडला आले आणि इथल्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून चिकटले, तेव्हा माहेरच्यांना वाटलं, अपूर्वानं घराण्याचं नाव घालवलं. असो. इतकी वर्षं मी मुखेडकरांना पुस्तकं देते, परत घेते आणि पानाचा कोपरा दुमडून आणणाऱ्याला चार शब्द सुनावते. माझा स्वभाव तापट आहे, हे मी वेगळं सांगायला नको. गाव सांगतंच.

पण गोष्ट माझी नाही, राजकन्याबाईंची आहे. बसस्टँडकडं जाताना उजव्या हाताला त्यांचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत त्यांची शिलाई मशीन. वय साठीच्या अलीकडं-पलीकडं, बुटक्या, चष्म्याला दोरा बांधलेला आणि तोंडात कायम दोन-चार टाचण्या. टाचण्या तोंडात असताना माणूस गप्प बसतो असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही राजकन्याबाईंना भेटलेला नाहीत. त्यांचे मालक एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर होऊन ओट्यावर बसतात आणि जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा गिअर कुठं चुकला ते सांगतात.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर मी त्यांच्याकडं ब्लाऊज न्यायला गेले. अर्थातच झालेलं नव्हतं. "बसा, हूकच राहिलेत," म्हणाल्या. शिंप्याचं 'हूकच राहिलेत' आणि एसटीचं 'आत्ता सुटतीच हाय' यांच्यावर विसंबायचं नसतं, म्हणून मी पिशवीतून कादंबरी काढली. सासू-सुनेची होती.

"काय हाय त्यात?" राजकन्याबाईंनी विचारलं.

"गोष्ट आहे, मावशी."

"मग मनातल्या मनात काय वाचून राहिलात? मोठ्यानं वाचा की. माझे हात गुंतलेत, कान मोकळेच हायत."

मी वाचायला लागले. सून माहेरून परत येते आणि दाराला कुलूप असतं, तिथवर आले आणि इकडं हूक लावून झाले. मी पुस्तक मिटलं. बाईंनी ब्लाऊज उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "बाही जरा सैल वाटून राहिली." आणि माझ्या डोळ्यांदेखत, चांगली शिवलेली बाही उसवायला घेतली. "ही पुन्हा बसवेपर्यंत ते कुलूप उघडतंय का बघा."

कुलूप उघडेपर्यंत दोन्ही बाह्या उसवून झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बाई वाचनालयात हजर. सोबत शेजारची वैष्णवी, कॉलेजात जाणारी पोरगी. सभासद व्हायचंय म्हणाल्या. मी फॉर्म काढला आणि पूर्ण नाव विचारलं.

"राजकन्या."

"आणि पुढं? मालकांचं नाव?"

त्यांनी वैष्णवीकडं बघितलं. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही ही जुनी रीत. आताच्या पोरी नवऱ्याला गल्लीतून नावानं हाका मारतात, पण राजकन्याबाईंनी ते नाव घेतलं असेल तर फक्त उखाण्यात, तेही बायकांनी दार अडवून धरलं तेव्हा. एरवी 'आमचे', 'घरचे', नाहीतर नुसतंच ओट्याकडं बोट. "तू सांग गं," त्या वैष्णवीला म्हणाल्या, आणि वैष्णवीनं सांगितलं, "शेषेराव होनवडजकर." मग सहीच्या जागी बाईंनी जिभेचं टोक दातांत धरून 'राज' एवढंच लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"पुढचं?" मी म्हटलं.

"एवढंच येतं. दुसरीत होते. गुरुजी नाव लिहायला शिकवून राहिले होते. 'राज' झालं, अन् दुसऱ्या दिवशी बापानं भावाला सांभाळायला घरी बसवलं. कन्या तिथंच शाळेत राहिली."

हे त्यांनी हसत सांगितलं. अक्षरं त्यांना ओळखता यायची, देगलूरची गाडी की नांदेडची हे लांबून पाटी बघून सांगायच्या. पण सलग वाचायचं म्हटलं तर एका ओळीला दुपार व्हायची. तेव्हा त्यांनी सरळ हिशोब केला: आपले हात गुंतलेले, गिऱ्हाईक रिकामं. दुकानाचा नियमच झाला. ब्लाऊज पाहिजे तर हूक लागेपर्यंत वाचायचं. वैष्णवी वाचायची, मास्तरणी वाचायच्या, देगलूरकडून आलेली एक नवी सून तेलुगूच्या चालीत मराठी वाचायची आणि त्यामुळं रडण्याच्या प्रसंगालाही खोलीत हसू पिकायचं. जिला वाचता येत नव्हतं ती नुसती ऐकत बसायची आणि मध्येच विचारायची, "मग त्या मेल्याला कळलं का न्हाई?"

याचा गावावर व्हायचा तो परिणाम झाला. पुस्तक रंगलं की ब्लाऊज लांबायचं. एक बाई काउंटरवर येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "मॅडम, राजकन्याबाईंना जरा कंटाळवाणं काहीतरी द्या ना. अठरा तारखेला भाचीचं लग्न हाय." मी सहकार क्षेत्रावरचा एक ग्रंथ दिला. लग्नाचे सगळे ब्लाऊज दोन दिवस आधी झाले.

पहिलं पुस्तक परत करायला आल्या तेव्हा मी सहज म्हटलं, "मावशी, काय काय वाचलं त्याची आठवण ठेवत जा, वर्षअखेरीला मजा येते." मला वाटलं ऐकलं आणि सोडून दिलं. पुढच्या महिन्यात दुकानात गेले तर मशीनवरच्या खिळ्याला अस्तराच्या कापडाची एक लांब पट्टी लटकलेली. एका पुस्तकाला एक बटण. ज्या वेळी ते पुस्तक ऐकलं त्या वेळी मशीनवर जे ब्लाऊज होतं, त्याच्या रंगाचं. आवडलं तर बटण चार छिद्रांतून घट्ट, बरं असेल तर दोन टाक्यांत. शेवट वाईट झाला तर काळा दोरा. छोट्या गोष्टींच्या पुस्तकाला टिचबटण. आणि अर्धं सोडलं तर बटण नाहीच, नुसता एक हूक.

"हे मोरपिशी," बोट ठेवून त्या सांगायच्या, "हे त्या बाईचं, जी नवऱ्याला सोडून नर्स झाली. तेव्हा हेडमास्तरांच्या सौदामिनीबाईंच्या पैठणीवरचं ब्लाऊज चालू होतं." पुस्तकांबद्दलची त्यांची मतं शिलाईच्या भाषेतच यायची. एका कादंबरीत शेवटच्या दहा पानांत नायक अचानक मरतो, त्याच्यावर त्या लई चिडल्या होत्या. "मारलं कशाला त्याला? कापड पुरलं न्हाई म्हणून बाही आखूड केली, दुसरं काय."

दिवाळीच्या सुमारास त्या पुस्तक बदलायला आल्या आणि दारासमोरच्या भिंतीकडं बघत उभ्या राहिल्या. तिथं आमचा एक मोठा फळा आहे. दर जानेवारीत वाचनालयाच्या वाढदिवसाला आम्ही 'वर्षाचा वाचक' निवडतो, शाल-नारळ देतो आणि त्याचं नाव त्या फळ्यावर रंगवून घेतो. फळ्यावर आलटूनपालटून तीच दोन-तीन नावं, त्यात ज्युनिअर कॉलेजचे शिवमूर्ती सर सगळ्यात जास्त वेळा. सर पुस्तक नेल्या दिवशीच त्याच्या मुखपृष्ठाचा फोटो मोबाईलच्या स्टेटसला टाकतात.

"मॅडम, तिथं नाव यायला काय करावं लागतं?" राजकन्याबाईंनी विचारलं.

"वर्षात सगळ्यांत जास्त पुस्तकं वाचावी लागतात."

त्यांनी पिशवीतून बटणपट्टी काढून काउंटरवर ठेवली. "मोजा."

मी मोजली. हूक सोडून चाळीस बटणं भरली. शिवमूर्ती सरांची तोवर तेहतीस होती.

"मला तिथं नाव पाहिजे," त्या म्हणाल्या. टाचण्या नव्हत्या तोंडात, म्हणून मला लक्षात आलं की हे नेहमीचं बोलणं नाही. "माझं नाव कुठं लिहिलेलं हाय सांगा. लग्नाच्या पत्रिकेत बापाचं मोठं, सासऱ्याचं मोठं, माझं मधे बारीक. घरावरच्या पाटीवर ह्यांचं. दुकानाला पाटीच न्हाई. मेल्यावर लिहितील एखाद्या बातमीत, पण ते मला कोण वाचून दाखवणार?"

मी कोरा कागद पुढं ओढला. अर्ज लिहून घेतला आणि डिसेंबरच्या बैठकीत ठेवला.

आमचे अध्यक्ष हणमंतराव सर, म्हणजे रिटायर हेडमास्तर. माणूस सज्जन, पण नियमाच्या बाहेर पाय ठेवताना आधी जमीन चाचपून बघणार. शिवमूर्ती सरांनी शंका काढली, बाई तर वाचतच नाहीत, ऐकतात. झालं. हणमंतराव सर म्हणाले, "ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे. आज ह्यांना मान दिला तर उद्या रेडिओ ऐकणारे येतील." मी म्हटलं, रेडिओवाला निदान शेवटपर्यंत ऐकतो, इथं काहीजण मुखपृष्ठावरच उतरतात. हे बोलायला नको होतं बहुतेक. शिवमूर्ती सर खिडकीतून बाहेर बघायला लागले, आणि इतिवृत्तात 'अर्ज नामंजूर' असं लिहिण्याचं काम माझ्याच अंगावर आलं. इतक्या रागानं मी आयुष्यात अक्षर काढलं नव्हतं.

संध्याकाळी राजकन्याबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी मशीन थांबवली. "बरं," म्हणाल्या. मग उठून खिळ्यावरची पट्टी काढली, घडी घातली आणि खालच्या खणात टाकली. वैष्णवी पुस्तक उघडून बसली होती, तिला म्हणाल्या, "राहू दे गं आज."

तो 'आज' दहा-बारा दिवस चालला. राजकन्याबाईंच्या दुकानात नुसता मशीनचा आवाज. गावात ब्लाऊज वेळेवर मिळायला लागले, आणि खरं सांगते, कुणालाच ते बरं वाटेना. शेषेराव ओट्यावरून मला म्हणाले, "मॅडम, हिला काहीतरी द्या वाचायला. घरात बोलून राहिली न्हाई. मी गाड्यांचं बोलतो तर 'हाव' म्हणती." चाळीस वर्षांच्या संसारात बाईनं नुसतं 'हाव' म्हणून होकार भरला की माणसाचं धाबं दणाणणारच.

तेवढ्यात येळवस आली. या अमावस्येला आमच्याकडं गावं ओस पडतात. ज्याला शेत आहे तो बायकापोरांसह शेतात जेवायला जातो, आणि ज्याला नाही त्याला शेतवाला ओढून नेतो. वाचनालयाची मंडळी दरवर्षी हणमंतराव सरांच्या शेतात. सरांच्या पत्नी सौदामिनीबाईंनी यंदा राजकन्याबाईंनाही बोलावलं होतं. मला आश्चर्य वाटलं नाही, कारण मला एक गोष्ट माहीत होती जी सरांना माहीत नव्हती. पण ती माझी सांगायची नव्हती.

कडब्याच्या खोपीतली पूजा झाली, पंगत बसली. मिसळभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आणि मडक्यातली गारेगार ताकाची आंबील. आंबील वाढायला स्वतः हणमंतराव सर. राजकन्याबाईंच्या पुढं आले तेव्हा त्यांनी पेला पुढं केला आणि म्हणाल्या, "सर, एक विचारू का?"

"विचारा की, सणाचा दिवस हाय."

"श्रावणात महादेवाच्या देवळात पोथी लागती. वाचतं कोण?"

"आपले शिवलिंगअप्पा." अप्पा समोरच्याच पंगतीत उंडा कुस्करत होते.

"अन् तुम्ही?"

"मी यजमान. समोर बसतो."

"समोर बसून काय करता?"

"ऐकतो," सर म्हणाले, आणि त्यांचा आंबिलीचा डाव तिथंच थांबला.

"समाप्तीचा हार तुमच्या गळ्यात पडतो. पुण्य सगळं एकट्या अप्पाला जातं का?"

"तसं कसं? ऐकणाऱ्यालाही तेवढंच."

शिवलिंगअप्पा तोंडातला घास गिळून म्हणाले, "ऐकणाऱ्याला थोडं जास्तच म्हणा. वाचणारा झोपू शकत न्हाई. ऐकणाऱ्याला जागं राहायला लागतं, ते अवघड हाय." अख्खी पंगत हसली, कारण पोथीला सरांची मान कुठल्या अध्यायापासून डुलते हे मुखेडला पाठ आहे.

"मग देवाच्या घरी जे चालतं," राजकन्याबाई शांतपणे म्हणाल्या, "ते तुमच्या वाचनालयात का चालत न्हाई?"

माझ्या दोन्ही हातांत जेवण होतं, नाहीतर मी टाळी वाजवली असती. हणमंतराव सरांनी एकदा अप्पांकडं बघितलं, एकदा राजकन्याबाईंकडं. मग हसले. खोटं नाही बोलायचं, मनापासून हसले. "सापडलो," म्हणाले. "लिहू तुमचं नाव. फक्त पुढं कंसात 'श्रवण' असं लिहू, म्हणजे नियमात बसेल."

"कंस म्हणजे?"

मी काडीनं मातीत दोन वाकड्या रेघा ओढून दाखवल्या आणि मधे बोट ठेवलं. बाईंनी वाकून बघितलं. "म्हणजे पंगतीला बोलावलं, पण पान उंबऱ्याच्या बाहेर मांडलं," त्या म्हणाल्या. "तसं नको, सर. त्यापेक्षा राहू द्या." आणि खाली मान घालून जेवायला लागल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

तेव्हा खोपीकडून सौदामिनीबाई बोलल्या. "अहो, येत्या श्रावणात पोथीच्या पत्रिकेवर तुमच्या नावापुढं कंस टाकायला सांगू का छापखान्यात?"

"तू कशाला मधे बोलून राहिलीस?"

"मी मधलीच हाय. त्या चाळीसातली चार पुस्तकं मी वाचलेली हायत. दर गुरुवारी. फॉल लावायला जाते म्हणायचे ना, तेव्हा."

सरांनी डाव मडक्यात ठेवला. "मी म्हणतच होतो," ते म्हणाले, "एवढ्या साड्यांना फॉल लागला, त्या साड्या दिसत कशा न्हाईत."

आता पंगतीला हसू आवरेना. त्यातच शिवमूर्ती सर घसा खाकरून म्हणाले, "अध्यक्ष, यंदा बाईंचंच नाव लिहा. माझ्या पुस्तकांना बटणं लावायची म्हटली तर निम्मे हूकच निघतील." हे कबूल करायला मोठं मन लागतं. मी सरांना माझ्या पानातला एक उंडा दिला.

त्या रात्रीच बटणपट्टी खणातून निघून पुन्हा खिळ्यावर गेली, असं शेषेरावांनी मला सांगितलं.

जानेवारीतल्या रविवारी कार्यक्रम. वाचनालयात इतक्या बायका मी कधी बघितल्या नव्हत्या, आणि प्रत्येकीच्या अंगात राजकन्याबाईंनी शिवलेलं ब्लाऊज. शेषेराव दाराजवळच्या खुर्चीत, कारण ड्रायव्हरला दार जवळ लागतं. व्यंकटी पेंटरनं आदल्या दिवशी फळ्यावर नाव रंगवलं होतं आणि त्यावर पडदा टाकला होता. सरांनी पडदा ओढला, शाल दिली, नारळ दिला आणि म्हणाले, "बाई, आता दोन शब्द बोला."

"बोलायचं न्हाई मला," राजकन्याबाई म्हणाल्या. "वाचायचं हाय."

शाल सावरत त्या फळ्यापाशी गेल्या. चष्मा नाकावर वर ढकलला, पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. 'राज' लगेच आलं, ते जुनंच होतं. तिथं क्षणभर थांबल्या. मग बोट पुढं सरकलं. "क... न्या," त्यांनी वाचलं. "राजकन्या." दुसरीतून सुटलेली कन्या एवढ्या वर्षांनी हाती लागली, आणि मला वाटलं संपलं, आता टाळ्या वाजवाव्यात.

पण बोट पुढं गेलं. "शे..." आणि बाई अडल्या.

पुढं काय लिहिलंय ते सगळ्यांना कळलं. मागून खसखस सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "नाव घ्या, नाव घ्या," दुसरी म्हणाली, "उखाण्यात घ्या." वैष्णवीला वर्षभराची सवय, तिच्या तोंडून आपोआप गेलं, "शेषे..."

राजकन्याबाई वळल्या. "गप बसा गं," त्या म्हणाल्या. "वर्षभर तुम्ही वाचलं अन् मी ऐकलं. आता मी वाचून राहिले, तुम्ही ऐका. अन् नाव बिव काही घेत न्हाई मी. लिहिलंय ते वाचून राहिले."

सगळ्या गप्प झाल्या. हणमंतराव सरही हात जोडून, पोथीला बसतात तसे ऐकायला लागले, आणि या खेपेला चांगले जागे होते.

"शे... षे... रा... व," बाईंनी वाचलं. मोठ्यानं, स्वच्छ, उखाण्याशिवाय. दाराजवळ शेषेराव हजेरी घेतल्यासारखे उठून उभे राहिले. का उठलो ते त्यांनाही कळलं नसावं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते सगळ्यांदेखत शर्टाच्या बाहीनं पुसत होते.

मग आडनाव. होनवडजकर हे काही लहान आडनाव नाही. हो, न, व, ड, एकेक अक्षर पकडत बाई पुढं गेल्या. शेवटचा 'र' झाला तरी बोट थांबलं नाही. पुढच्या मोकळ्या लाकडावरून ते हळूहळू फळ्याच्या कडेपर्यंत गेलं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मॅडम, पुढं त्या वाकड्या रेघा न्हाईत ना?"

मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. "काही नाही, मावशी. तुमचं नाव तिथंच संपतं."

"हां," त्या म्हणाल्या. मग खुर्चीत जाऊन बसल्या आणि शाल कसल्या कापडाची आहे ते बोटांनी चाचपून बघायला लागल्या.